कुर्बानीचे कातडे नाल्यात का?

ज्या जनावराची कुर्बानी अल्लाहच्या नावाने केली, त्याचे कातडे तिसऱ्या दिवशी नाल्यात सडत असेल तर आपण कुर्बानीचा अर्धाच अर्थ घेतला, असे माझे स्पष्ट मत आहे. हे वाक्य अनेकांना झोंबेल. झोंबले तरी हरकत नाही, कारण बकरी ईद सरल्यावर बोईसर, पालघर, मनोर, तारापूर या पट्ट्यातल्या वस्त्यांच्या कडेला जे दिसते आणि ज्याचा वास येतो, ते झाकून ठेवण्यासारखे राहिलेले नाही. पोत्यात भरलेली कातडी खाडीकिनारी, नाल्याच्या तोंडाशी, कचऱ्याच्या ढिगावर पडलेली असतात. थोडी काळजी घेणारे खड्डा खणून पुरतात. पूर्वी हीच कातडी मागायला मदरशाची मुले सायकलवर दारोदार फिरत. आता कितीतरी ठिकाणी तुम्हीच फोन करा, "कातडे घेऊन जा" म्हणून विनवा, आणि पलीकडून उत्तर येते की वाहतुकीचा खर्चही निघत नाही.

मोठ्या बकऱ्याचे कातडे एकेकाळी शंभर-दोनशे रुपयांना सहज जाई. आज त्याच कातड्याला दोन कप चहाची किंमत मिळाली तरी नशीब समजायचे. पंधरा-वीस हजारांचा बकरा घेणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. ज्या मदरशाचा दोन महिन्यांचा किराणा या कातड्यांवर निघायचा, त्याला तो जाणवतो. खारवण्याचे काम करणाऱ्या मजुराला, धारावीतल्या कारागिराला, कोल्हापूरच्या चर्मकाराला तो जाणवतो.

हे असे का झाले, याचे एकच सोपे उत्तर आपल्या लोकांकडे तयार असते : सरकार. दुसऱ्या बाजूच्या लोकांकडेही एकच सोपे उत्तर असते : बरे झाले, चामडे म्हणजे हिंसा. मला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत.

आधी दुसऱ्या उत्तराकडे पाहू. चामड्याची वस्तू वापरली नाही की प्राणी वाचतो, अशी समजूत शहरी सुशिक्षितांमध्ये पसरली आहे. बूट-पर्सवर 'चामडेविरहित' अशी चिठ्ठी असली की पुण्य लाभल्यासारखे वाटते. पण बकरा कापला जातो तो मटणासाठी. कातडे हा त्याचा उरलेला भाग. ते कोणी विकत घेतले नाही म्हणून महाराष्ट्रात एकही बकरा कमी कापला जात नाही. फक्त एक वस्तू कचरा होते आणि तिच्या जागी दुसरी वस्तू कारखान्यात बनवावी लागते. ती दुसरी वस्तू म्हणजे रेक्झिन : कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर. खनिज तेलातून आणि रसायनांतून येणारा हा माल दोन पावसाळ्यांत तडकतो, सोलपटतो आणि मग शेकडो वर्षे कुजत नाही.

मिंक किंवा कोल्ह्यासारखे प्राणी केवळ कातड्यासाठी, फरच्या कोटासाठी पिंजऱ्यात वाढवून मारले जातात. तिथे हिंसेचा आक्षेप शंभर टक्के लागू पडतो आणि मी त्या आक्षेपाच्या बाजूने उभा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ-बिबट्याच्या कातड्याचा व्यापार गुन्हा ठरवला, हे योग्यच झाले. मुसलमान वाचकांना आठवण करून देतो की हिंस्र श्वापदांची कातडी अंथरण्या-पांघरण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चौदाशे वर्षांपूर्वीच मनाई केली होती. थाटामाटासाठी जीव घेणे वेगळे आणि अन्नासाठी कापलेल्या जनावराचा कणही वाया न घालवणे वेगळे. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने अहिंसेवर प्रवचन देऊ नये.

आणि प्रवचन द्यायचेच असेल तर ते तारापूरला येऊन द्यावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र साऱ्या देशात वरच्या क्रमांकावर होते. इथे रंग, रसायने, औषधे, कापड, पोलाद असे सगळे बनते. रेक्झिन इथेच बनते असे माझे म्हणणे नाही. पण ज्या रासायनिक व्यवस्थेच्या बळावर 'हिंसामुक्त' वस्तू दुकानात चमकतात, त्या व्यवस्थेचे सांडपाणी कुठे जाते ते इथे डोळ्यांनी दिसते. २५ एमएलडी क्षमतेच्या सामाईक प्रक्रिया केंद्रावर त्याच्या कुवतीबाहेर पाणी येत राहिले आणि नवापूर-दांडीच्या किनाऱ्याने, मुरबे-खारेकुरणच्या खाडीने त्याची किंमत मोजली. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि प्रक्रिया केंद्रावर मिळून कोट्यवधींची भरपाई बसवली. खाडीतल्या माशाला कोणी सुरीने कापले नाही, म्हणून त्याचे मरण अहिंसा ठरते काय? मांगेला मच्छीमाराचे रिकामे जाळे कोणत्या चिठ्ठीवर छापायचे?

इथे कोणी म्हणेल, चामड्याचे कारखाने काय कमी घाण करतात? प्रश्न रास्त आहे. क्रोमियम वापरून चामडे कमावण्याच्या कारखान्यांनी तमिळनाडूत पालार नदीची काय अवस्था केली ते १९९६ च्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले आहे. कानपूरच्या जाजमऊने गंगेचे काय केले तेही जगजाहीर आहे. म्हणून तारापूर एमआयडीसीत चामड्याचा कारखाना आणा, अशी मागणी मी मुळीच करणार नाही. आमची खाडी आधीच बेजार आहे. पण कातडे कमावण्याची क्रोमियम ही एकच रीत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवून कातडे कमावण्याची रीत याच महाराष्ट्रातली. कोल्हापुरी पायताण तिच्यावरच उभे राहिले. ती संथ आहे, महाग आहे, पण नदी मारत नाही. वाईट पद्धत सुधारायची असते. तिच्या नावाखाली आख्खा धंदा आणि तो करणारी माणसे बुडवायची नसतात.

ही माणसे कोण, तेही सांगितले पाहिजे. जुन्या मराठी गावगाड्यात मुलाणी जनावर हलाल करी. कातडे ढोरांकडे जाई, ते कमावत. चर्मकार त्याच्या वहाणा करी आणि विहिरीवरची मोट शिवी. मातंगाच्या हलगीवर तेच ताणले जाई. पखाली आणि भिस्ती त्याच कातड्याच्या पखालीतून पाणी वाहत, आणि यांतले भिस्ती मुसलमान. देवळात भजनाला बसलेल्या वारकऱ्याच्या पखवाजाची पुडीही बकऱ्याच्या कातड्याची. शेतकऱ्याच्या रानाला पाणी, पायाला वहाण, देवाला नाद, हे सगळे एका कातड्यातून निघे. तबला, ढोलकी, संबळ, दिमडी यांतले एकही वाद्य कातड्याशिवाय खऱ्या सुरात बोलत नाही. आज ढोल-ताशा पथकात फायबरचे पान आले. ते पावसात सैल पडत नाही, हा त्याचा फायदा मान्य. पण तबल्याची पुडी फायबरची करून कोणी मैफल रंगवून दाखवावी.

या साखळीतला प्रत्येक दुवा समाजाने हीन ठरवला. वस्तू हवी, पण करणारा शिवायला नको. मेलेले जनावर ओढण्याची सक्ती आणि वर त्यावरून विटाळ, या अन्यायाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला मृतमांस सोडण्याची हाक दिली. ती हाक स्वाभिमानाची होती. आणि ८९ वर्षांनंतर, ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत ऊना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलितांना उघड्यावर फटके मारण्यात आले. पालघरची हद्द गुजरातेला लागूनच आहे, हे विसरू नका. तेव्हा मी जेव्हा म्हणतो की कातड्याचा धंदा जगला पाहिजे, तेव्हा कोणाला जातीच्या जुन्या कामात परत ढकला असे म्हणत नाही. ज्याला सोडायचे त्याने खुशाल सोडावे. जो करतो त्याला हातमोजे, यंत्र, पक्की मजुरी आणि सन्मान मिळावा. आणि स्वतःच्या अंगणातल्या कुर्बानीचे कातडे खारवायला आपण स्वतः हात लावावा. दुसऱ्याच्या जातीची वाट कशाला पाहायची?

आता पहिल्या उत्तराकडे येतो. सरकारचा वाटा आहे का? आहे, आणि मोठा आहे. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आलेले मांस बाळगण्याला गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. बकरा, मेंढी, म्हैस यांच्या कत्तलीवर या कायद्याने बंदी नाही. पण रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या टोळक्याला कलमे वाचण्याची गरज वाटत नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून बकऱ्याची खारवलेली कातडी घेऊन जाणारा टेम्पो अडवला, की चालकाने ती बकऱ्याचीच आहेत हे सिद्ध करत बसायचे. हा धाक एकदा बसला की भाडे दुप्पट होते आणि छोटा व्यापारी धंदाच सोडतो. कायदेशीर माल बेकायदा भीतीने मरतो, तो असा.

दुसरीकडे पाहा. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'वेट ब्लू' म्हणजे अर्धवट कमावलेल्या चामड्यावरचे आयात शुल्क पूर्ण माफ झाले. कारण काय, तर देशातल्या कारखान्यांना कच्चा माल कमी पडतो! परदेशातून चामडे आणायला सवलत, आणि आमच्या वस्त्यांतली हजारो कातडी खड्ड्यात. हा हिशेब कोणत्या शहाण्याने केला? गावातला माल गोळा करायला एक शेड, चार पोती मीठ आणि एक परवाना लागतो. तेवढे करायला कोणी तयार नाही.

कोल्हापुरीचेच घ्या. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला नाव न घेता दाखवल्या आणि महाराष्ट्रभर संतापाची लाट उसळली. मग कंपनीने मूळ भारतीय कारागिरीचे आहे हे कबूल केले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे महामंडळ यांच्याशी २००० जोड बनवण्याचा करार झाला, किंमत सुमारे ८०० युरो. आनंद आहे. पण अस्मिता चपलेची आणि तिटकारा कातड्याचा, हे कसे चालेल? तळाला म्हशीचे जाड कातडे आणि वेणीला बकऱ्याचे मऊ कातडे, हे आकाशातून पडते काय? मिलानवर चिडून समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांतले किती जण कातड्याचा टेम्पो अडवणाऱ्यावर चिडले?

सरकारला एवढे सुनावल्यावर आपल्या घरात येऊ, कारण माझा खरा वाद आपल्या लोकांशी आहे.

उम्मुल मोमिनीन मैमूना (रजि.) यांच्या मुक्त केलेल्या दासीला सदक्यात मिळालेली एक बकरी मेली. प्रेषित (स.) तिथून गेले तेव्हा त्यांनी विचारले, हिचे कातडे काढून, कमावून वापरात का आणले नाही? लोक म्हणाले, ती तर मेलेली आहे. त्यांनी समजावले की निषिद्ध आहे ते तिचे खाणे. मेलेल्या बकरीचेही कातडे वाया जाऊ नये, ही ज्या प्रेषितांची शिकवण, त्यांचे अनुयायी कुर्बानीच्या जनावराचे कातडे नाल्यात टाकतात! अखेरच्या हजमध्ये शंभर उंटांची कुर्बानी झाली तेव्हा हजरत अली (रजि.) यांना हुकूम होता की मांस, कातडी, उंटांवरच्या झुलीसुद्धा गरिबांत वाटा, आणि कसायाची मजुरी त्यातून देऊ नका. मजुरी वेगळी, स्वतःच्या खिशातून. झूलसुद्धा मोजली गेली होती, हे लक्षात घ्या. आपण कातडेही मोजत नाही.

कोकणी मुसलमान शाफई आहेत, बोईसरच्या चाळींत उत्तरेतून आलेले बहुसंख्य कामगार हनफी. कातड्याच्या विक्रीबाबत दोन्ही मजहबांच्या तपशिलात फरक आहे. पण कुर्बानी करणाऱ्याने कातडे स्वतःच्या घरी वापरावे किंवा गरिबाला द्यावे, त्याचा पैसा स्वतःच्या खिशात घालू नये, यावर दोन्हीकडे मतभेद नाही. नाल्यात टाकण्याची सोय मात्र कोणत्याच मजहबात नाही. "भावच नाही, मग काय करणार?" हा युक्तिवाद दीनचा नव्हे, बाजाराचा आहे. मांसाचा तिसरा हिस्सा गरिबाला देताना आपण त्याचा बाजारभाव विचारतो काय?

शिवाय भाव पडण्यात आपलाही हात आहे. ईदच्या तीन दिवसांत सुरी हातात घेणारा प्रत्येक जण कसाई होतो. घाईघाईत कातड्याला चार ठिकाणी सुरी लागते आणि भोक पडलेल्या कातड्याची किंमत तिथेच संपते. जाणता कसाई पोटावर आणि पायांवर सुरीने चीर देतो आणि बाकीचे कातडे मुठीने सोडवतो. मग वेळेचा प्रश्न. आपल्या दमट हवेत उतरवलेले कातडे चार-पाच तासांत मीठ लावून पसरले नाही तर केस सुटायला लागतात, म्हणजे ते गेले. आपण ते दिवसभर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवतो आणि संध्याकाळी मदरशाला फोन करतो. त्यात २०१९ पासून २०२४ पर्यंत ईद ऑगस्ट, जुलै, जून अशी भर पावसाळ्यात किंवा त्याच्या तोंडावर आली. ओल्या कातड्याला पालघरचा पाऊस म्हणजे मृत्यूच.

पण चांद्र वर्ष आपल्या बाजूने सरकते आहे. २०२६ ची ईद मेच्या अखेरीस, पुढच्या वर्षी त्याहून दहा-अकरा दिवस आधी, मग एप्रिलकडे. म्हणजे पुढची बरीच वर्षे कोरड्या हवेची आहेत. पावसाची सबब संपली. करायचे काय, तेही सांगतो, कारण नुसती टीका करून थांबणाऱ्यांतला मी नाही.

प्रत्येक जमातीने ईदच्या पंधरा दिवस आधी तरुणांना कातडे उतरवण्याचे आणि खारवण्याचे काम जाणत्या खाटकाकडून शिकवावे. एका बकऱ्याच्या कातड्याला साधारण किलोभर जाडे मीठ लागते. मीठ ही आपल्या किनाऱ्याला दुर्मिळ वस्तू नाही, वसई-भाईंदरची मिठागरे काही लांब नाहीत. ज्याची कुर्बानी, त्याने कातड्याबरोबर मिठाची पिशवी द्यावी, एवढा साधा नियम केला तर मदरशावरचा बोजा निम्मा होईल. बोईसर, पालघर आणि मनोर इथे तीन दिवसांसाठी पत्र्याची एकेक शेड उभारावी. सगळी कातडी एकत्र आली तर टेम्पो भरतो, आणि टेम्पो भरला तर व्यापाऱ्याला यावेसे वाटते. धारावीच्या कारखानदारांशी आणि कोल्हापूरच्या चर्मकारांशी मौलानांनी ईदनंतर नव्हे, ईदच्या महिनाभर आधी बोलावे. टेम्पोबरोबर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या लेखी सूचनेची प्रत ठेवावी. नगरपरिषदेकडे आणि ग्रामपंचायतीकडे भीक मागू नये, हक्काने मागावे, कारण कातडी नाल्यात गेली तर तो नाला त्यांनाच उपसावा लागतो.

एवढे करूनही कदाचित कातड्याला पन्नासच रुपये येतील. येऊ देत. पन्नास रुपयांचे कातडे मदरशातल्या अनाथ मुलाचे एक वेळचे जेवण असते, आणि त्याच कातड्याची पुडी पुढे कुठल्यातरी गावात पखवाजावर चढते. हिंदू शेजाऱ्याच्या भजनात आपल्या कुर्बानीचा नाद असावा, याहून चांगले नाते कोणते सांगू? आणि हाच शेजारी जेव्हा नाक धरून आपल्या मोहल्ल्याकडे बोट दाखवतो, तेव्हा त्याला उलट सुनावण्याआधी नाल्याकडे एकदा बघून घ्यावे.

आमच्यावर अन्याय होतो, हे मी नाकारत नाही. आयुष्यभर तेच लिहीत आलो आहे. पण बकऱ्याचे कातडे नाल्यात टाका, असे कोणत्याही सरकारने, कोणत्याही टोळक्याने आपल्याला सांगितलेले नाही. ते आपण आपल्या हाताने टाकतो. मराठीत कातडे 'कमावतात' आणि पैसाही 'कमावतात'. दोन्हीसाठी शब्द एकच आहे, कारण दोन्हीसाठी हात खराब करावे लागतात. पुढच्या ईदला कोणाच्या हाताला मीठ लागलेले दिसते आणि कोण पोते घेऊन अंधारात खाडीकडे जातो, हे ज्याच्या त्याच्या जमातीने डोळे उघडे ठेवून बघावे. आणि जुम्याच्या खुतब्यात त्यावर बोलायला इमामसाहेबांनी कचरू नये.